उमेदवाराची खुर्ची

मुलाखती असायच्या त्या दिवशी सर साडेआठलाच ऑफिसात यायचे आणि डबा हातात तसाच धरून उमेदवाराच्या खुर्चीत जाऊन बसायचे. चांगली पाच-सात मिनिटं. मी नवी होते तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं आणि मला वाटलं, बिचाऱ्यांना चक्कर आली. धावत जाऊन विचारलं, "सर, पाणी आणू?"

"नक्को. ऊन बघायलोय," ते म्हणाले. "अकराच्या सुमाराला ते त्या खिडकीतून सरळ डोळ्यांत येणार. माणूस डोळे बारीक करून बोलणार आणि तुम्ही लोक लिहिणार, नजरेला नजर देत नाही."

मग उठायचं, खुर्ची वीतभर सरकवायची, पुन्हा बसायचं. पंख्याचा वारा थेट तोंडावर येतो का, खुर्चीचा पाय डुगडुगतो का, टेबलाखाली गुडघे आपटतात का, सगळं स्वतः बसून बघायचं. पाय डुगडुगला तर बिस्किटाच्या पुड्याच्या कागदाची घडी खाली सारायची. उमेदवाराच्या पाण्याचा पेला अर्धाच भरायचा. ऑफिसात सगळ्यांची समजूत अशी की म्हातारा कंजूष आहे. मलाही तसंच वाटायचं. पुढे एकदा त्यांनीच सांगितलं, घाबरलेल्या माणसाचा हात कापतो, भरलेला पेला सांडतो आणि एकदा का पाणी सांडलं की तो पुढचा अर्धा तास त्या पाण्याकडेच बघत बसतो. आपण काय विचारतोय ते त्याच्या कानातच शिरत नाही.

असा सगळा प्रकार. मी मुळात भांडकुदळ. आयुष्यात मी सगळ्यात जास्त चिडले असेन तर या माणसावर, आणि चिडत चिडत सगळं उचललंही याच माणसाचं.

आमची कंपनी काही फार मोठी नव्हती. दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करून द्यायची, एवढंच काम. बरकतपुऱ्याजवळ दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, खाली स्टोअर. नोकरीला माणसं घेण्याचं खातं म्हणजे सर, एक लोखंडी कपाट आणि नंतर मी. सरांचा जन्म गौलीगुड्यातला, घर नल्लकुंट्याला, तीन पिढ्या हैदराबादेत. त्यामुळे मराठीही त्यांची आणि दखनीही त्यांचीच. रागावले की मात्र तेलुगूत जायचे. ते इतक्या क्वचित रागवायचे की माझं तेलुगू काही सुधारलं नाही.

त्यांची सगळ्यात वेडगळ सवय म्हणजे पट्ट्या. मुलाखतीच्या आदल्या दुपारी जुनं कॅलेंडर, कात्री आणि डिंकाची बाटली घेऊन बसायचे. प्रत्येक अर्जावरचं नाव, वडिलांचं नाव, गाव आणि फोटो, यांवर न वाचताच कॅलेंडरची एकेक पट्टी चिकटवायची आणि वर आकडा लिहायचा. एक, दोन, तीन. मुलाखत घेणाऱ्यांना तेच कागद मिळायचे. अहो, कॉम्प्युटरवर हेच काम मिनिटात होतं, मी शंभरदा सांगितलं. ऐकतील तर शपथ. बोटांना डिंक, डिंकाला कागद, आणि पूजेला बसल्यासारखा चेहरा.

पण मी हसू कुठल्या तोंडाने? माझ्याही नावावर तसलीच पट्टी होती.

माझे बाबा नांदेडकडून इकडे फिटरच्या नोकरीला आले. आमचं घर अंबरपेठेत, विहाराच्या मागच्या गल्लीत. बी.कॉम. झाल्यावर मी चार-पाच ठिकाणी मुलाखती दिल्या होत्या. आपलीच मराठी माणसं टेबलापलीकडे भेटली की मला आधी हायसं वाटायचं. मग ते कागद बघून गोड आवाजात विचारायचे, "अच्छा, आडनाव असं का? म्हणजे मूळ कुठले तुम्ही?" मी सांगायचे. त्यांचं "अच्छा, अच्छा" व्हायचं, आणि त्या दोन अच्छांमध्ये मला कळायचं की आता इथून उठलं तरी चालेल. कुणी काही वाईट बोलायचं नाही हां. चहासुद्धा विचारायचे.

त्यामुळे या ऑफिसात मी आले तीच कंबर कसून. फाटकाशी एक पांढऱ्या केसांचा माणूस उभा. मला वाटलं वॉचमन. "पाच नंबर का?" म्हणाले, आणि स्वतः मला वर घेऊन गेले. जिन्यात कुठल्या बसनं आलात, जागा मिळाली का, एवढंच. वर पोचल्यावर मला धाप लागली होती, तर बाहेरच्या बाकावर बसवलं आणि म्हणाले, "दोन मिनिटं बसा. मलाही दम लागलाय." त्यांना कसला दम लागतोय! दिवसातून दहा वेळा तो जिना चढायचे.

मी आत गेले आणि वाट बघत बसले की आता आडनाव येईल, आता गाव येईल. काही येईचना. टेबलावर एक गजराचं घड्याळ होतं, त्याची तबकडी माझ्याकडे. सर म्हणाले, "आपल्याकडे अर्धा तास आहे. सगळ्यांना तेवढाच. घड्याळ तुमच्याकडे तोंड करून ठेवलंय, म्हणजे आम्ही तुम्हाला फसवणार नाही." मग विचारलं, "एखादं बिघडलेलं काम तुम्ही निस्तरलंय, असं काही सांगा."

मी वसतिगृहातली गोष्ट सांगितली. शेवटच्या वर्षाला खानावळ आठ दिवस बंद पडली, तर आम्ही मुलींनी मिळून स्वयंपाक चालवला, आम्ही भाजी आणली, आम्ही पाळ्या लावल्या. आमच्या घरात मी-मी करायची पद्धत नाही. मी-मी करणाऱ्या पोरीला आई म्हणायची, फार शिंगं फुटलीत. सरांनी सगळं ऐकलं, शब्दन् शब्द लिहून घेतला आणि विचारलं, "त्यातलं तुमचं काय?"

मी पुन्हा म्हटलं, आम्ही सगळ्यांनीच. ते पुन्हा तितक्याच शांतपणे, "हौ. पण त्यातलं तुमचं काय?" तिसऱ्यांदा विचारल्यावर माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "मी यादी केली सगळ्यांची, आणि घरून दोन कुकर बसमधून मांडीवर घेऊन आले. दोन फेऱ्या झाल्या. कंडक्टरनं कुकरचं तिकीट मागितलं, त्याच्याशी भांडले. झालं?"

"झालं," म्हणाले, आणि ते लिहून घेतलं.

शेवटी त्यांचा ठरलेला प्रश्न असायचा, तो मलाही विचारला. "आमचं काही विचारायचं राहिलं का?" मी विचार केला, ही नोकरी तर गेलीच आहे, खरं बोलून टाकू. म्हटलं, "मला राग येतो का, ते नाही विचारलंत. तक्रारींच्या फोनवर बसवणार आहात ना? मला येतो राग."

"मग काय करता?"

"आधी कागदावर लिहून काढते सगळं. मग बोलते."

सर पहिल्यांदा वर बघून हसले. दुसऱ्या दिवशी मला नोकरी लागली. माझी पट्टी म्हणे त्यानंतरच काढली त्यांनी.

पुष्कळ वर्षांनी मी विचारलं, सर, ही पट्टीची अक्कल तुम्हाला कुणी शिकवली? मला वाटलं काहीतरी मोठं बोलतील. तर म्हणाले, "नाव वाचलं की माझं डोकं आपोआप अंदाज बांधायला लागतं बेटा. हा कुठला, हा कुणाचा, याच्या घरी कसं असेल. तुझं नाही बांधत? माझं बांधतं. फार परेशान करतं. म्हणून चिकटवून टाकतो." मी त्या माणसाच्या पाया पडले असते. पडले नाही, कारण त्यांच्या बोटांना तेव्हाही डिंक होता.

वर्षभर तक्रारी ऐकल्यावर त्यांनी मला स्वतःच्या खात्यात ओढलं आणि मुलाखती घ्यायला बाजूला बसवायला लागले. तेव्हापासून अहोजाहो सुटलं, मी त्यांची 'तू' झाले. माझे कागद मात्र शाळेतल्या वहीसारखे परत यायचे. एकाच्या कागदावर मी लिहिलं, 'आत्मविश्वास कमी.' सरांनी तो माझ्यासमोर धरला. "हे त्यांनी कधी सांगितलं?"

"सांगितलं नाही सर, दिसलं."

"तुला दिसलं ते तुझं. त्यांनी काय सांगितलं ते लिही. उद्या ते दारात येऊन म्हणाले, मला का घेतलं नाही, तर तू त्यांना तुझं दिसलेलं दाखवणार का?"

त्यांचा नियमच होता. जे खोलीत बोललं गेलं तेवढंच कागदावर. बाहेर ऐकलेलं, आधी माहीत असलेलं, कुणी फोन करून सांगितलेलं, काही म्हणजे काही आत आणायचं नाही. एका डॉक्टरांनी भाच्यासाठी फोन केला, तर सर त्यांना म्हणाले, "बरं झालं सांगितलंत साहेब. आता त्या दिवशी मी बाहेर बसतो, दुसरे कुणी घेतील." आणि खरोखर बाकावर जाऊन बसले. भाचा आत, सर बाहेर. डॉक्टरांचे आमचे संबंध पुढे सहा महिने थंड होते.

पण म्हणून माणसाला आत एकटं टाकायचं नाही. स्टोअरमधला आमचा यादगिरी, तो मुलाखतीला आला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मराठी नाही, तेलुगू नाही, काही नाही. मी कमी गुण घालून कागद उलटा केलाही होता. सर उठले, खालून एक बंद पडलेलं रक्तदाबाचं यंत्र आणलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. "बोलू नका. हे बघा जरा." यादगिरीनं ते हातात घेतलं, उघडलं, आणि हात चालायला लागल्यावर तोंडही चालायला लागलं. अर्धा तास संपला तरी थांबेना. सर घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाले, "सबको उतनाच टाइम है बाबू." तो स्टोअरला लागला तो लागलाच.

आणि संध्याकाळचे फोन. ज्यांना घेतलं नाही त्यांना त्याच दिवशी, चारच्या चहाच्या आधी, स्वतः फोन करायचा. पत्र नाही, मेसेज नाही. ते उभे राहून फोन करायचे. पहिल्याच वाक्यात नाही म्हणून मोकळं व्हायचं, मग समोरचा जे बोलेल ते ऐकायचं. कुणी रडायचं, कुणी शिव्या द्यायचं. एकजण दहा मिनिटं बोलत होता आणि सर नुसते "हौ, बरोबर आहे, हौ" करत उभे. मी वैतागून म्हटलं, "सर, चहाचं पार सरबत झालं. ठेवा ना फोन." ते म्हणाले, "त्यांनी आज सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला होता बेटा. आपल्यासाठी."

मग मी माझा गार चहा पिऊन टाकला.

हल्ली दर रविवारी ते आमच्या अंबरपेठेतल्या विहाराच्या हॉलमध्ये येतात. नांदेड-परभणीकडून आलेली आमची पोरंपोरी जमतात, आणि सर त्यांच्या खोट्या खोट्या मुलाखती घेतात. फुकट. स्वतःबद्दल सांगा म्हटलं की पोरगं सुरू करतं, माझ्या वडिलांचं नाव अमुक, ते तमुक ठिकाणी. सर हात वर करतात. "वडिलांना नोकरी द्यायची नाहीये. तुमचं सांगा." सगळा हॉल हसतो. येत नाही ते येत नाही म्हणा, येतं ते पुरतं सांगा, घाईघाईनं इंग्रजीत शिरू नका, पाणी हवं असेल तर मागा. मी बाजूला बसून कागद भरते. गेल्या रविवारी एक मुलगी सारखी आम्ही-आम्ही करत होती. सरांनी माझ्याकडे बघितलं. म्हटलं, विचारा तुम्हीच. मला तो प्रश्न आता विचारवत नाही.

का विचारवत नाही, ते सांगते.

गेल्या वर्षी आमची कंपनी मुंबईच्या एका मोठ्या कंपनीनं घेतली. त्यांचं फर्मान आलं, सगळ्यांनी आपापल्या जागेसाठी नव्याने मुलाखत द्यायची. म्हणजे ज्या खुर्चीत पंधरा वर्षं बसलात तिच्यासाठी अर्ज करा! माझी मुलाखत आधीच झाली, मी राहिले, आणि बाकीच्यांच्या मुलाखती घेणाऱ्या तिघांत त्यांनी मला टाकलं. सरांच्या जागेला तीन अर्ज होते. दोन त्यांच्याकडचे. तिसरा सरांचा.

सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. घरी काकू म्हणायच्या, "हे घरी बसले तर रोज सकाळी माझीच मुलाखत घेतील." सर एरवी स्वतःसाठी कधी काही मागायचे नाहीत. पण त्या आठवड्यात एकदा जिन्यात थांबून मला म्हणाले, "मला हे काम अजून दोन वर्षं करायचंय बेटा. फार करायचंय."

मी म्हटलं, "सर, तुमच्या वेळेला मी पॅनेलवरून उठते. भाच्याच्या वेळी तुम्ही उठला होतात तशी."

"भाचा एकटा ओळखीचा होता. इथं तुला सगळेच ओळखीचे आहेत. माझ्या वेळी उठलीस तर यादगिरीच्या वेळीही उठायला पाहिजे. मग त्या खोलीत राहणार कोण? बस तू. आणि जे खोलीत ऐकशील तेच लिही."

"आणि तुम्ही नीट बोला म्हणजे झालं," मी दरडावलं. "आम्ही-आम्ही करू नका. घड्याळाकडे बघा."

"हौ मॅडम," म्हणाले आणि हसत खाली गेले.

त्या दिवशी मी साडेआठला ऑफिसात गेले. डबा हातात तसाच. उमेदवाराच्या खुर्चीत बसले, ऊन बघितलं, खुर्ची वीतभर सरकवली, कागदाची घडी पायाखाली घातली. पेला अर्धा भरला. घड्याळाचं तोंड खुर्चीकडे केलं. मनात म्हटलं, सर, मला जेवढं येतं तेवढं केलं, पुढचं तुमच्या हातात.

पॅनेलवर माझ्याबरोबर मुंबईचे एक साहेब होते, आणि गौरी नावाची पुण्याची एक मुलगी, याच कंपनीत नुकती लागलेली. मुलाखत घ्यायची तिची पहिलीच वेळ. सकाळी पहिला यादगिरी आला. आता यंत्र पुढे ठेवणारं कोणी नव्हतं. मी सुचवून बघितलं, साहेब म्हणाले, सगळ्यांना एकच पद्धत. साहेबांच्या कागदावर सहा प्रश्न छापलेले होते. यादगिरीचे दोन कोरे राहिले. मग ते दोघं बाहेरचे येऊन गेले. चटपटीत, सगळी उत्तरं मुद्देसूद. आणि एक वाजता सर.

इस्त्रीचा पांढरा शर्ट. डिंकाचा डाग नाही. मला भरून आलं.

गौरीनं पहिला प्रश्न विचारायला कागद उचलला आणि तिच्या कोपरानं तिच्याच पुढचा पेला आडवा झाला. काठोकाठ भरलेला. मी उमेदवाराचा पेला अर्धा भरला होता. आमच्या पेल्यांकडे माझं लक्षच नव्हतं. पाणी सगळ्या कागदांवर. पोरगी लालबुंद झाली, "सॉरी, सॉरी" करत रडकुंडीला आली, आणि साहेबांनी नुसती भुवई वर केली.

सर उठले. टेबलाला वळसा घालून गेले, खिशातला रुमाल काढून पाणी टिपलं, कागद एकेक करून खिडकीत वाळत टाकले. "पहिलाच दिवस का?" तिनं मान हलवली. "माझा पहिला दिवस सांगू? मी उमेदवाराचं नाव विचारायचं सोडून माझंच नाव सांगितलं, तेही दोनदा." गौरी हसली. मग कुठून आलात, कुठं राहता, इथं जेवणाची सोय लागली का. ती बोलायला लागली. आई पुण्यात एकटी असते, इथं खोलीवर करमत नाही. सर ऐकत होते. खुर्चीत पुढे वाकून, हात मांडीवर ठेवून, जसे आम्हा सगळ्यांचं ऐकायचे तसे.

घड्याळ त्यांच्याकडे तोंड करून होतं. त्यांनी एकदाही बघितलं नाही. दहा मिनिटं गेली. मी खाकरले. मी पेन आपटलं. घड्याळ उचलून त्यांच्या आणखी जवळ ठेवलं. मला इतका राग आला होता की ओरडावंसं वाटत होतं, सर, ही तुमची मुलाखत आहे हो! तिची नाही! शेवटी मीच म्हटलं, "सर, तुमच्या वेळातली पंधरा मिनिटं झाली."

"अरे हौ हौ," म्हणाले आणि ताठ बसले.

गौरीनं आता स्वच्छ आवाजात विचारलं, या खात्यात तुम्ही काय काय उभं केलंत? सर सांगायला लागले. आम्ही अमुक सुरू केलं, आमच्या फोनवरच्या मुलींनी तमुक बसवलं, यादगिरीनं स्टोअर असं लावलं. सगळ्यांची नावं घेतली. माझंही घेतलं. मी माझा प्रश्न विचारला.

"त्यातलं तुमचं काय, सर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओळखीचा प्रश्न बघून त्यांना आनंदच झाला होता, देवाशपथ. विचार केला आणि म्हणाले, "माझं तसं काही नाही. मी खुर्ची लावायचो."

मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदाही विचारलं. त्यांनी मला तीन वेळा विचारलं होतं तेव्हा मी चिडले होते, म्हणून तरले. यांना राग येतच नव्हता. "खुर्चीच," म्हणाले. मग दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुरू झालं आणि ते पुरं होतंय तोवर गजर वाजला. चार प्रश्न कोरे.

वेळ संपली होती, पण तो एक प्रश्न सगळ्यांना असतो म्हणून मी विचारला. "आमचं काही विचारायचं राहिलं का?"

"राहिलं ना. दीड वाजून गेला. तुम्ही लोक जेवलात का?"

ते गेल्यावर गौरी रडत होती. तिनं त्यांनी दिलेल्या दोन्ही उत्तरांना पैकीच्या पैकी दिले होते. साहेब वाईट नव्हते, तेही म्हणाले की माणूस फार चांगला आहे, पण चार प्रश्न कोरे आहेत, आपण काय करणार? गौरी माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही त्यांना इतकी वर्षं ओळखता. त्यांनी काय उत्तर दिलं असतं ते तुम्हाला माहीत असेल ना? लिहा ना तुम्ही."

माहीत होतं. चारही उत्तरं मला तोंडपाठ होती, कारण ती उत्तरं त्यांनी माझ्यासमोर जगून दाखवली होती. पट्ट्या, फोन, यंत्र, बाक. साहेब उठून खिडकीशी गेले होते. मी पेन उचललं. तिसऱ्या प्रश्नापुढे दोन शब्द लिहिलेही.

मग खालचा यादगिरीचा कागद दिसला. त्याचेही दोन कोरे होते. त्याची उत्तरंही मला माहीत होती, आणि ती मी भरली नव्हती.

मी ते दोन शब्द खोडले. वर जे ऐकलं तेवढं लिहिलं. 'मी खुर्ची लावायचो.' आणि सही केली. बरोबर केलं की चूक, ते मला आजही सांगता येत नाही. रात्री घरी आई म्हणाली, हात झडला नाही का गं तुझा? तिचं काही चुकलं नाही.

पावणेचारला मी फोन घेऊन उभी राहिले. ज्यांना घेतलं नाही अशी तीन नावं होती. पहिला फोन सरांना केला, कारण तो आधी केला नाही तर मला पुढचे दोन करता आले नसते. त्यांनी उचलला. मुलाखतीनंतर ते घरीच गेले होते, मागे काकूंच्या भांड्यांचा आवाज.

"सर, मी बोलतेय," म्हटलं आणि काकू कशा आहेत ते विचारलं.

"पहिल्याच वाक्यात बेटा," ते म्हणाले.

"सर, तुमची निवड झाली नाही."

भांड्यांचा आवाज थांबला. मी फोन कानाशी धरून उभी राहिले, त्यांनीच शिकवलं होतं की आता ऐकायचं. सर म्हणाले, "वाईट वाटलं. वाटणारच." मग म्हणाले, "खुर्ची तू लावली होतीस ना? ऊन नाही आलं डोळ्यांत."

"हो सर."

"पुढच्या वेळी त्या मुलीचाही पेला अर्धाच भर. ते माझ्याही कधी लक्षात आलं नव्हतं."

मला हुंदका फुटला. इतका वेळ दाबून धरला होता तो फुटला, आणि मी त्या ऑफिसात सगळ्यांसमोर भोकाड पसरलं. सरांनी थोडा वेळ रडू दिलं. मग विचारलं, "आणखी किती फोन राहिलेत?"

"दोन."

"मग माझ्यापाशी काय रडत बसलीस? ते फोन हातात धरून बसले असतील. ठेव."

मी ओढणीनं तोंड पुसलं आणि यादगिरीचा नंबर लावला. पहिली घंटा पुरी वाजायच्या आत त्यानं उचलला.